तीन मिनिटांचं आकाश

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मुंबईच्या विमानतळावरून उत्तरेकडे निघालेलं विमान डहाणूच्या आभाळात येतं, तेव्हा त्याला सुटून फार तर पंधरा मिनिटं झालेली असतात. सरळ रेषेत अंतर शंभरेक किलोमीटर. खिडकीतून पाहिलं तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला महालक्ष्मीचा सुळका आणि मध्ये चिकूच्या वाड्यांची गर्द हिरवी पट्टी दिसते. चिंचणीची खाडी ओलांडल्यापासून तलासरीपलीकडे गुजरातची हद्द लागेपर्यंत विमानाला जेमतेम तीन मिनिटं लागतात. आणि साधारण याच सुमारास, विमानात ती सोय असेल तर, प्रवाशाच्या मोबाइलवर वाय-फायची खूण उमटते. घरी निरोप जातो : ‘निघालो. वेळेवर आहे.’

विमानात इंटरनेट कसं वापरायचं, हे आता पुष्कळांना ठाऊक झालं आहे. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, वाय-फाय सुरू करायचं, विमान कंपनीचं नाव दिसेल ते निवडायचं. मग एक पान उघडतं. त्यावर आडनाव आणि तिकिटाचा पीएनआर क्रमांक भरायचा, की झालं. मात्र भारताच्या हद्दीत विमान ३ हजार मीटर, म्हणजे साधारण दहा हजार फूट, उंचीवर गेल्याशिवाय ही सोय सुरू करता येत नाही. पेपर वाचता येतो, पत्रं पाठवता येतात, व्हॉट्सअॅपवर लिहिता येतं. मोठ्यानं फोनवर बोलू नये अशी अपेक्षा असते, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या दृष्टीनं ती योग्यच आहे.

पण मला आज बोलायचं आहे ते या सोयीच्या मागच्या गोष्टीबद्दल. घरापासून तुटलेल्या माणसाचा निरोप घरी कसा पोचतो, याची ती गोष्ट आहे. आणि ती डहाणूच्या किनाऱ्यावरून पाहिली तर जरा वेगळी दिसते.

सुरुवात १५ ऑक्टोबर १९३२ पासून करू. त्या दिवशी सकाळी जे. आर. डी. टाटा कराचीहून एका इंजिनाचं चिमुकलं ‘पस मॉथ’ विमान घेऊन निघाले. बरोबर टपालाच्या थैल्या होत्या. अहमदाबादला ते उतरले, तिथं बैलगाडीतून आणलेल्या डब्यांमधून पेट्रोल भरलं, आणि दुपारी ते मुंबईला जुहूच्या मैदानावर पोचले. पुढं तेच टपाल घेऊन नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. आपल्या देशातल्या नियमित हवाई वाहतुकीचा हा आरंभ. पण यात आपल्या आजच्या विषयाची एक गोष्ट आहे. त्या विमानात रेडिओ नव्हता. जमिनीवरून वाट दाखवणारं कुठलंही यंत्र नव्हतं. मुंबईचं नभोवाणी केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झालेलं होतं; म्हणजे मुंबईतल्या ऐपतदार घरी दिवाणखान्यात बसून रेडिओवर गाणं ऐकता येत होतं, पण आकाशात असलेल्या वैमानिकाला जमिनीवरच्या माणसाशी एक शब्द बोलता येत नव्हता.

मग ही मंडळी वाट कशी शोधत? डोळ्यांनी. त्या काळचे वैमानिक नद्यांची मुखं, किनाऱ्याची रेघ, रेल्वेचे रूळ पाहत उडत. अहमदाबाद ते मुंबई या वाटेवर नर्मदा, तापी, दमणगंगा या नद्या, त्या पुढं बोर्डी-डहाणूचा सपाट किनारा, आणि त्याला जवळजवळ समांतर जाणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे, अशी सगळी खुणांची रांगच होती. तासाला शंभर मैलांच्या आसपास वेगानं उडणाऱ्या त्या विमानाला आज तीन मिनिटांत संपणारी ही पट्टी पार करायला पाव तास तरी लागत असणार. त्या पाव तासात ढग आले, इंजिन खोकलं, तर कुणाला कळवणार? विमान जुहूला उतरलं की ते पोचलं असं समजायचं, आणि उतरलं नाही तर माणसं धाडायची. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचे म्हणून विमानं पुण्याला उतरवावी लागत, तीही याच बिनरेडिओच्या दिवसांत.

गंमत अशी, की ते विमान जे वाहून नेत होतं तो निरोपच होता. विमान हे टपाल जलद पोचवण्याचं साधन होतं; माणसं नेणं हे नंतरचं. निरोप नेणाऱ्यालाच निरोप देता येत नव्हता.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत विमानात रेडिओ आला, आणि त्याबरोबर एक नवा माणूस आला : रेडिओ ऑफिसर. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, तेव्हाच्या त्या लांब पल्ल्याच्या विमानांत वैमानिकांबरोबर दिशादर्शक, इंजिनिअर आणि रेडिओ ऑफिसर असा संच असे. कानाला यंत्र लावून, खरखरीतून मोर्सची कट्टकडकट्ट ऐकायची, हवामान लिहून घ्यायचं, आपलं ठिकाण कळवायचं, हे त्याचं काम. अरबी समुद्रावरून जाणारी विमानं मुंबईशी लघुलहरींवर बोलत, आणि समुद्रावरच्या रडार न पोचणाऱ्या भागासाठी ही पद्धत पुढं कित्येक दशकं चालली. पण हे सगळं बोलणं विमान आणि जमीन यांच्यामधलं होतं. प्रवासी त्यात कुठंच नव्हता. तो विमानात शिरला की जगातून उठला, आणि उतरला की परत आला.

आवाजावर चालणाऱ्या या संभाषणात एक धोका होता, आणि त्याचं सर्वांत दुःखद उदाहरण डहाणूपासून हाकेच्या अंतरावरच्या एका जागेशी जोडलेलं आहे. चिंचणीची खाडी ओलांडली की तारापूर. तिथं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र उभारायचं ठरवलं ते डॉ. होमी भाभांनी. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ या बोइंग ७०७ विमानातून ते युरोपला जात होते. जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असलेलं ते विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातले सर्व ११७ जण गेले. चौकशीत निघालेला निष्कर्ष असा, की विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र बंद होतं. जमिनीवरच्या नियंत्रकानं रडारवर पाहून पर्वताच्या संदर्भात विमानाचं ठिकाण तोंडी सांगितलं. आणि वैमानिकाचा समज असा झाला की आपण पर्वत ओलांडला आहे. बोलणं झालं होतं. शब्दही पोचले होते. अर्थ पोचला नव्हता. तारापूरचं केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, ते पाहायला भाभा नव्हते.

आणि इथं टपालाचीही एक आठवण आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्या पर्वतावरच्या हिमनदीत एक तागाची थैली सापडली. ‘कांचनजंगा’तली. परराष्ट्र मंत्रालयाचं राजनैतिक टपाल, आत जुनी वर्तमानपत्रं वगैरे. शेहेचाळीस वर्षांनी पोचलेला निरोप!

तोंडी बोलण्यातली ही अडचण पुढं लिखित मजकुरानं कमी केली. १९७८ मध्ये अमेरिकेत एक पद्धत सुरू झाली, तिला ‘एकार्स’ म्हणतात. विमानातलं यंत्र आणि जमिनीवरचं यंत्र एकमेकांना छोटे छोटे लिखित संदेश पाठवतात : विमान सुटलं, उतरलं, इंधन इतकं आहे, अमुक पंप तक्रार करतो आहे. तारेच्या मजकुरासारखे तुटक संदेश. रेडिओ ऑफिसरची खुर्ची त्याआधीच रिकामी झाली होती. आता त्याचं टिपणही यंत्राकडे गेलं. मला विचाराल तर विमानातल्या इंटरनेटचं खरं बीज इथं आहे. करमणुकीसाठी किंवा प्रवाशासाठी म्हणून ते रुजलं नाही. ते यंत्राच्या प्रकृतीची चौकशी करण्यासाठी रुजलं.

प्रवाशांचा नंबर लागला तो फार उशिरा. १९८४ मध्ये अमेरिकन विमानांत पैसे टाकून बोलण्याचे फोन आले. महाग होते, थोडेच वापरले गेले. मग बोइंग कंपनीनं २००० साली ‘कनेक्शन’ नावाची उपग्रहावर चालणारी इंटरनेट सेवा जाहीर केली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकन विमान कंपन्यांचं कंबरडंच मोडलं आणि त्यांनी या योजनेतून अंग काढून घेतलं. तरी मे २००४ मध्ये लुफ्थान्साच्या म्युनिक ते लॉस एंजेलिस विमानात ती सुरू झाली. यंत्रणा जड, खर्च अफाट, ग्राहक कमी. २००६ मध्ये बोइंगनं दुकान बंद केलं. दोन वर्षांनी अमेरिकेत दुसऱ्या एका कंपनीनं निराळी वाट काढली : जमिनीवर मोबाइलसारखे मनोरे, पण त्यांची तोंडं आकाशाकडे. खंडावर हे ठीक चाललं. समुद्रावर मनोरे कुठून आणणार? तिथं उपग्रहच हवा. त्याच वर्षी, २० मार्च २००८ ला, एमिरेट्सच्या दुबई ते कासाब्लांका विमानात प्रवाशाला स्वतःच्या मोबाइलवरून अधिकृतपणे बोलता आलं. आखातात नोकरीला जाणारी आपल्याकडची हजारो माणसं ज्या विमानांनी जात-येत होती, त्या विमानांत हळूहळू ही सोय येऊ लागली.

आणि भारतीय हद्द लागली की ती बंद करावी लागे.

याचं कारण तंत्रज्ञानात नव्हतं, कायद्यात होतं. १८८५ चा भारतीय तार कायदा आणि १९३७ चे विमान नियम यांच्या मधल्या फटीत हा विषय अडकून पडला होता. तार कायदा इंग्रजांनी केला तेव्हा विमानच जन्मलं नव्हतं. विमान नियम केले तेव्हा मोबाइल नव्हता. नंतर त्यांत जे कलम घातलं गेलं त्यानं मोबाइलला विमानात बंदी केली. यंत्रं फ्लाइट मोडवर ठेवून वापरायला परवानगी मिळाली तीही २०१४ मध्ये.

पण नुसतं जुन्या कायद्यावर खापर फोडणं बरोबर होणार नाही. सुरक्षा यंत्रणांना खरी भीती होती, आणि तिला एक तारीख होती. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले. गुजरातच्या किनाऱ्याजवळ त्यांनी ‘कुबेर’ हा मासेमारी ट्रॉलर पळवला आणि तो मुंबईजवळ आणला. ट्रॉलरवरच्या माणसांना त्यांनी ठार केलं. त्या ट्रॉलरवर नंतर एक उपग्रह फोन सापडला. ज्या संभाषणाचं एक टोक आपल्या देशात नाही, जे मध्येच ऐकता किंवा थांबवता येत नाही, त्याबद्दल सरकार सावध झालं, तर नवल नाही. खाजगी माणसानं परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणं आपल्याकडे बेकायदाच आहे.

उत्तर निघालं ते दहा वर्षांनी. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ‘ट्राय’नं, १९ जानेवारी २०१८ ला शिफारशी दिल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सरकारनं नियम काढले. त्यांतला मुद्दा साधा आहे : विमानातून निघालेला प्रत्येक संदेश भारतातल्या भूकेंद्रातूनच पुढं जायला हवा, म्हणजे कायद्यानं गरज पडली तर तो तपासता येईल. परवान्याचं शुल्क ठेवलं वर्षाला १ रुपया. या नियमांचं नाव लक्षात ठेवा, कारण माझं पुढचं सगळं बोलणं त्यावर उभं आहे. नाव आहे ‘हवाई आणि सागरी जोडणी नियम, २०१८’. हवाई आणि सागरी! विमान आणि जहाज एकाच कागदावर आले. सरकारच्या लेखी दोघांचा प्रश्न एकच होता : जमिनीवरच्या मनोऱ्याची रेंज जिथं संपते तिथं गेलेला माणूस.

विमानाच्या बाजूनं गाडी त्यानंतर बरीच पळाली. २०२० च्या मार्चमध्ये वैमानिकाच्या अनुमतीनं वाय-फाय वापरण्याची मुभा देणारी दुरुस्ती जाहीर झाली. सप्टेंबर २०२० मध्ये ‘विस्तारा’च्या दिल्ली-लंडन विमानात ही सेवा सुरू झाली; भारतीय कंपनीच्या विमानातली ती पहिली. जमिनीवरची बाजू सांभाळत होती ‘नेल्को’, टाटांचीच, नवी मुंबईत महापेला असलेली कंपनी. या नावाचा उगम जुन्या श्रोत्यांना ओळखीचा वाटेल. ‘नॅशनल एको रेडिओ अँड इंजिनिअरिंग’. १९४० मध्ये निघालेली, रेडिओचे संच बनवणारी कंपनी! कित्येक मराठी घरांतल्या फडताळावर ‘नॅशनल एको’ बसलेला असे. ज्या घराण्याच्या पहिल्या विमानात रेडिओ नव्हता, त्याच घराण्याच्या रेडिओ कंपनीनं अठ्ठ्याऐंशी वर्षांनी विमानात इंटरनेट नेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘विस्तारा’ एअर इंडियात विलीन झाली, आणि जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाच्या काही विमानांत देशांतर्गत प्रवासातही वाय-फाय सुरू झालं. म्हणजे डहाणूवरून जाणाऱ्या मुंबई-दिल्ली विमानातला माणूस आता खाली निरोप पाठवू शकतो.

तो निरोप कसा जातो, हेही सांगतो, कारण त्यात मौज आहे. समजा, विमान डहाणूच्या बरोबर वर दहा किलोमीटर उंचीवर आहे आणि प्रवाशाचं घर खाली मल्याणमध्ये आहे. निरोपाला दहा किलोमीटर उतरायचं आहे. पण तो खाली उतरत नाही. विमानाच्या पाठीवर एक उंचवटा असतो, त्याच्या आत उपग्रहावर नजर खिळवून बसलेला अँटेना असतो. विमान वळलं, कललं तरी त्याची नजर हलत नाही. निरोप त्याच्यातून वर जातो. या सेवांत सर्रास वापरले जाणारे भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. तिथून निरोप पुन्हा ३६ हजार किलोमीटर खाली भूकेंद्रावर, तिथून तारांच्या जाळ्यातून डहाणूच्या मोबाइल मनोऱ्यावर आणि मग घरी. दहा किलोमीटरसाठी बहात्तर हजार किलोमीटरचा वळसा! प्रश्न विचारून उत्तर यायचं तर दुप्पट. प्रकाशाच्या वेगानंही त्याला अर्धा सेकंद लागतो, म्हणून विमानातलं इंटरनेट जरा अडखळल्यासारखं वाटतं. हा वळसा कमी करण्यासाठी आता काही परदेशी विमान कंपन्या पाचेकशे किलोमीटर उंचीवर फिरणारे हजारो छोटे उपग्रह वापरू लागल्या आहेत. आपल्या इस्रोचा ४,७०० किलो वजनाचा जीसॅट-एन२ हा उपग्रह १९ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेतून सोडला गेला, तो मात्र भूस्थिरच आहे. विमानातलं इंटरनेट हा त्याच्या जाहीर कामांपैकी एक भाग.

आता विमानातून खाली उतरू. त्याच नियमांतला दुसरा शब्द, ‘सागरी’, त्याचं काय झालं?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवरून दर वर्षी शेकडो तरुण मासेमारीच्या हंगामात बाहेर पडतात. किनाऱ्यावरच्या मांगेल्यांचं सोडा, त्यांचा दर्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. मी बोलतोय ते डोंगराकडच्या वारली आणि इतर आदिवासी पोरांबद्दल, ज्यांच्या आजोबांनी कधी होडीत पाय ठेवला नसेल. पावसाळ्यातली भातशेती संपली की घरी काम नाही. मग पोरबंदर, वेरावळ, ओखा या गुजरातच्या बंदरांतल्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायचं. मुकादम येतो, थोडी उचल देतो, पोरं जातात. ट्रॉलर एकदा समुद्रात गेला की पंधरा-वीस दिवस परतत नाही. किनाऱ्यापासून थोडं दूर गेलं की रेंज संपते. तांडेलाकडे असतो तो बिनतारी संच. तो बोटीनं बोटीशी बोलण्यासाठी असतो, खलाशानं तलासरीला आईशी बोलण्यासाठी नसतो.

आणि त्या समुद्रात भारत-पाकिस्तानची सीमारेषा आहे, जी पाण्यावर कुठं काढलेली नाही. मासळीच्या मागं जाताना, कधी प्रवाहानं ओढलं म्हणून, कधी इंजिन बंद पडलं म्हणून बोट पलीकडं जाते. कधी पलीकडं गेली होती की नव्हती यावरच वाद असतो. पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा ती पकडते आणि माणसं कराचीच्या मालीर तुरुंगात जातात. यांत पालघर जिल्ह्यातले, आणि त्यात डहाणू-तलासरीचे खलाशी अनेकदा सापडले आहेत. काही वर्षा-दोन वर्षांनी, काही त्याहून उशिरा परत आले. काहींचं प्रेत आलं.

योगायोग पाहा. कराची ते मुंबई. जे. आर. डीं.चं टपाल ज्या वाटेनं आलं, त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला आता डहाणूचा खलाशी अडकलेला आहे, आणि त्याचं टपाल येत नाही.

मग घरी कळतं कसं? आधी बोटमालकाकडून, मुकादमाकडून, सुटलेल्या दुसऱ्या बोटीवरच्या कुणाकडून तरी. नक्की कळतं ते यादीतून. मे २००८ मध्ये भारत आणि पाकिस्ताननं एक करार केला. त्यानुसार दोन्ही देश आपापल्या तुरुंगांतल्या एकमेकांच्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या वर्षातून दोनदा देतात : १ जानेवारीला आणि १ जुलैला. संबंध कितीही बिघडलेले असोत, ही देवाणघेवाण होते, आणि ते चांगलंच आहे. १ जुलै २०२५ ची देवाणघेवाणही, त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या लष्करी संघर्षानंतर दोन महिने व्हायच्या आतच, ठरल्या दिवशी झाली. पाकिस्ताननं दिलेल्या यादीत १९३ मच्छीमार होते, जे भारतीय आहेत किंवा भारतीय असावेत असं त्यांचं म्हणणं. त्या आकड्यात महाराष्ट्रातले बहुतेक खलाशी गुजरातच्या बोटींवरचे असतात. बोटीची नोंद गुजरातेत, घर महाराष्ट्रात. मदतीच्या योजनेसाठी कागद कुठल्या कचेरीत द्यायचा, इथपासून बायकांची पायपीट सुरू होते.

विमानाची गोष्ट इथं पुन्हा आठवते. ८ मार्च २०१४ ला मलेशियन एअरलाइन्सचं एमएच३७० हे विमान क्वालालंपूरहून बीजिंगला जाताना नाहीसं झालं. त्याचं बाकी सगळं संभाषण बंद पडलं होतं, फक्त छपरावरचं उपग्रहाचं यंत्र पुढं काही तास उपग्रहाला मधूनमधून ‘मी आहे’ एवढंच सांगत राहिलं. त्या मुक्या संकेतांवरून विमान हिंदी महासागरात दक्षिणेला गेलं, एवढं अनुमान काढता आलं. जगाला धक्का बसला. आजच्या काळात एवढं मोठं विमान हरवतंच कसं? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं नियम केला, की मोठ्या प्रवासी विमानाचं ठिकाण खुल्या समुद्रावर असतानाही त्याच्या कंपनीला दर १५ मिनिटांनी कळलं पाहिजे. नोव्हेंबर २०१८ पासून तो लागू झाला.

विमानासाठी १५ मिनिटं. खलाशासाठी सहा महिने. तुलना थोडी अन्यायाची आहे, हे मला ठाऊक आहे. विमानात दोन-अडीचशे माणसं असतात, ट्रॉलरवर सात-आठ. अटकेचा प्रश्न उपग्रहानं सुटत नाही, तो दोन सरकारांचा आहे. पण सीमारेषा जवळ आली हे बोटीला वेळीच कळणं, आणि बोट कुठं आहे हे किनाऱ्याला कळणं, हा तर निव्वळ जोडणीचा प्रश्न आहे. विमानासाठी तो सुटला तशीच यंत्रं बोटीसाठीही करता येतात, आणि ती केलीही गेली.

इस्रोनं मच्छीमारांसाठी संकटात बटण दाबून उपग्रहामार्फत हाक देणारं यंत्र २०१० मध्येच वापरात आणलं होतं. हाक एका बाजूनं जायची. ती पोचली की नाही, हे बोटीवरच्या माणसाला कळत नसे. पुढच्या पिढीच्या यंत्रानं ‘तुमची हाक पोचली, मदत निघाली’ हे उत्तर बोटीवर आणलं. समुद्रात बुडणाऱ्या माणसाला या एका ओळीचं मोल काय असेल, ते आपण जमिनीवर बसून सांगू नये. आणि मग ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच एक समारंभ झाला. पंतप्रधानांच्या हस्ते डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली, सुमारे ७६ हजार कोटींचं बंदर. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला अनेक वर्षांपासून विरोध आहे. तो स्वतंत्र आणि मोठा विषय. पण त्याच मंचावरून आणखी एक योजना सुरू झाली, जिला वर्तमानपत्रांत बंदराच्या बातमीखाली चार ओळी मिळाल्या. तेरा किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या १ लाख मासेमारी बोटींवर टप्प्याटप्प्यानं उपग्रह ट्रान्सपाँडर बसवायचे. खर्च सुमारे ३६० कोटी. इस्रोनं घडवलेली ही छोटी पेटी बोटीचं ठिकाण सांगते, वादळाचा इशारा देते, सागरी सीमा जवळ आली की सावध करते, आणि मोबाइलला जोडून दोन्ही बाजूंनी छोटे लिखित संदेश पाठवू देते.

दोन्ही बाजूंनी, छोटे, लिखित. म्हणजे १९७८ मध्ये विमानाला जे मिळालं, तेच. त्याला इंटरनेट म्हणता येणार नाही; पण विमानाचं इंटरनेटही तिथूनच वाढलं, हे आपण पाहिलं.

ही पेटी बोटीच्या नोंदणीवर बसते. म्हणजे पोरबंदरच्या बोटीची पेटी पोरबंदरला. संदेश जातो तो किनाऱ्यावरच्या नियंत्रण केंद्राकडे आणि बोटीशी संबंधित माणसांकडे. तलासरीच्या पाड्यावरच्या घराला त्या साखळीत जागा कुठं? बोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वी खलाशानं आपल्या घरचा एक मोबाइल क्रमांक द्यावा, आणि बोट बंदरात पोचली, अडचणीत आली, सीमेकडे गेली, तर त्या क्रमांकावर आपोआप एक ओळ जावी, मराठीत. यात तंत्रज्ञानाची काही अडचण मला दिसत नाही. विमान कंपन्या आपल्या प्रवाशांच्या बाबतीत अशी ओळ रोज पाठवतात, विमान अर्धा तास उशिरा सुटणार असलं तरी.

अर्थात ती ओळ पोचायला पाड्यावर रेंज हवी. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मुलांना मोबाइलवर शिकवायचं ठरलं, तेव्हा पालघरच्या डोंगरी भागात मुलं टेकाड चढून रेंज शोधत होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं दुर्गम भागांना उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्यासाठी ‘स्टारलिंक’ या कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. हीच कंपनी परदेशात विमानांनाही इंटरनेट पुरवते. जाहीर करताना गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव या जिल्ह्यांची नावं घेतली गेली. डहाणू-तलासरीच्या पाड्यांना त्यात कधी जागा मिळते ते पाहायचं. दरम्यान १ जानेवारी आणि १ जुलै या तारखा तलासरीतल्या काही घरांत कॅलेंडरवर खूण करून ठेवलेल्या असतील.